बाकावरचे सत्त्याऐंशी अपघात

"हा पॉइंट मोठा करा," दामिनी मॅडम म्हणाल्या, आणि पडद्यावरचा लाल ठिपका फुगत फुगत टरबुजाएवढा झाला.

नागपुरातल्या त्या गारेगार सभागृहात सहा जिल्ह्यांचे पोलीस होते, अभियंते होते, आणि आपल्याला कशासाठी बोलावलंय हे शेवटपर्यंत न कळलेले पंधरावीस जण होते. दामिनी मॅडम रस्ता सुरक्षेच्या कामावरच्या अभियंता. राज्यभरातल्या अपघातांच्या नोंदी एका नकाशावर आणायच्या, माणसं कुठे जास्त मरतात ते पाहायचं आणि तिथला रस्ता आधी दुरुस्त करायचा, असं त्यांचं काम. इतकं सरळ काम सरकारात सुरू झालं म्हणून सगळे थोडे दबूनच बसले होते.

"विभागातलं सर्वांत धोकादायक ठिकाण," मॅडम म्हणाल्या. "तीन वर्षांत सत्त्याऐंशी अपघात, एकतीस मृत्यू. आणि सगळे पाच मीटरच्या आत."

सभागृह हळहळलं.

सल्लागार कंपनीचा टाय लावलेला माणूस उठला. "मॅडम, इथे आम्ही गतिरोधक, दोन चमकते दिवे आणि एक पादचारी पूल सुचवलाय. उपग्रहचित्रही तपासलं. बघा, अपघातातल्या गाड्या अजून तिथेच पडून आहेत."

खरोखरच पडून होत्या. एक चेपलेला टेम्पो, दोन ट्रॅक्टर, दहाबारा मोटारसायकली. सगळ्या ओळीनं, एकमेकींना धक्का न लावता. शेजारी निळ्या पत्र्याचं छप्पर आणि एक झाड.

मागून दुसऱ्या रांगेत खैरझरी ठाण्याचे सहायक फौजदार चंपतराव धकाते बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. निळ्या पत्र्याच्या कोपऱ्यावर एक जुनं टायर होतं. वादळात पत्रा उडू नये म्हणून ते टायर त्यांनीच शिडी लावून वर ठेवलं होतं.

"ओमप्रकाश," ते शेजारी कुजबुजले. ओमप्रकाश ठाण्याच्या जीपचा ड्रायव्हर. त्याला बैठकीचं आमंत्रण नव्हतं, पण एसीचं होतं असं त्यानं धरून घेतलं होतं. "हे आपलं ठाणं होय ना बे?"

"हाव जमादार. अन् थे झाड म्हंजे आपला कडुलिंब. त्याच्याखाली तुमचा बाक." ओमप्रकाशनं पडद्याकडे कौतुकानं पाहिलं. "एकतीस मर्डर तुमच्या बाकावर. आपल्याले तर कधी मालूमच नाही पडलं."

झालं होतं ते असं. तीन वर्षांपूर्वी प्रत्येक ठाण्याला एक टॅब आला. अपघात झाला की घटनास्थळी उभं राहून त्यात माहिती भरायची आणि 'जमा करा'चं बटण दाबायचं. बटण जिथे दाबाल, ती जागा टॅब आपोआप नोंदवतो. आता घटनास्थळी माणूस रक्तात पडलेला असतो. त्याला गाडीत घालून नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यांकडे रवाना करायचं, गर्दी हटवायची, पंचनामा कागदावर लिहायचा. टॅब कोण काढणार? म्हणून चंपतराव कागद घेऊन ठाण्यात परत यायचे, हातपाय धुवायचे, आणि कडुलिंबाखालच्या बाकावर बसून, ठाण्यात रेंज फक्त तिथेच येते म्हणून, एकेक रकाना सुवाच्य भरायचे. एकही रकाना रिकामा नसायचा. जिल्ह्यात सर्वांत पूर्ण नोंदी खैरझरीच्या, असं प्रशस्तिपत्रकही त्यांना मिळालं होतं. ते त्यांनी त्याच बाकावर बसून वाचलं होतं.

चहाच्या वेळेला चंपतराव मॅडमसमोर जाऊन सावधानमध्ये उभे राहिले.

"मॅडम, त्या ठिकाणी आजपर्यंत कोणी मेलं नाही."

"म्हणजे?"

त्यांनी सांगितलं. मॅडमच्या हातातलं बिस्किट चहात बुडालं आणि तिथेच राहिलं.

"मग हे लोक गेले कुठे?"

"जास्तीत जास्त पळसोना फाट्यावर. तेवीस अपघात, चौदा मृत्यू. बाकीचे वेगवेगळ्या ठिकाणी."

मॅडमनी लॅपटॉपवर पळसोना शोधला. "पळसोना फाटा, शून्य. धकाते, हा फाटा राज्यातल्या सर्वांत सुरक्षित फाट्यांच्या यादीत आहे. इथे अपघात का होत नाहीत, याचा अभ्यास करायला आम्ही एक पथक पाठवणार होतो."

चंपतराव सावधानमध्येच उभे राहिले.

"शुक्रवारी दुपारी बाराला यादी मुंबईला जाते," मॅडम म्हणाल्या. "पुढची तीन वर्षं त्याच यादीतल्या जागांची कामं होतील. पळसोना त्यात नसेल तर तीन वर्षं काही होणार नाही. दुरुस्ती करता येते, पण नोंद ज्यानं केली त्यानंच, खऱ्या जागेवर उभं राहून करायची. आणि कारण निवडावं लागतं." त्यांनी पडदा दाखवला. चार कारणं होती: यंत्राचा दोष, नेटवर्कचा दोष, इतर, आणि नोंद करणाऱ्याची चूक. "पहिली तीन कारणं दिली तर प्रकरण समितीकडे जातं. साठ दिवस. चौथं कारण दिलं तर लगेच मंजूर."

"काहून?" चंपतरावांच्या तोंडून निघून गेलं.

"कारण ते कारण आजवर कोणी निवडलेलंच नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यासाठी समिती नेमायची गरज पडली नाही."

परतीच्या वाटेवर ओमप्रकाशनं दोन गावं गप्प काढली. त्याच्यासाठी हा विक्रम होता.

"जमादार, तुमी नेटवर्क लिवा. नेटवर्कचं कोनी काही बिघडवत नाही."

"साठ दिवस लागतात बे."

"मंग लागू द्या ना. तुमचे रिटायरमेंटले दोन महिने राहिले. चौतीस साल सर्विस, सर्विस बुकात एक शेरा नाही. महासंचालकाच्या सन्मानचिन्हाले नाव गेलं. अन् आता तुमी सत्त्याऐंशी बार लिहून देसान का माही चूक, माही चूक? इतके तर गुन्हेगारबी कबूल नाही करत. त्यायले तर आपल्याले..." पुढचं त्यानं गिअर बदलण्यात घालवलं.

ठाणेदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते भले गृहस्थ होते आणि प्रत्येक गोष्टीची चांगली बाजू बघायचे.

"धकाते, आपल्या गेटसमोर दिवे लागले, डांबर पडलं, तर आपलं काय बिघडते? पादचारी पूल तर मस्तच दिसन."

"सर, पुलावरून कोणी कुठे जाईल? समोर नाला हाय."

"पाहता येते ना वरून." ठाणेदारांनी उसासा सोडला. "हे पाहा, मी तुमाले थांबवत नाही. पण लेखी आलं का मले वर पाठवाच लागते. मंग शेरा बसते. चिन्ह जाते. विचार करा."

नागपुरात, सक्करदऱ्याच्या घरी कुसुमावतीबाईंनी समारंभात नेसायचं लुगडं आधीच काढून ठेवलं होतं. नवऱ्याला चिन्ह मिळणार, हे त्यांनी निम्म्या नातेवाइकांना सांगितलं होतं आणि उरलेल्यांना ते त्या निम्म्यांनी. चंपतरावांनी जेवताना सगळं सांगितलं.

"चूक तुमची होती का?" त्यांनी भात वाढता वाढता विचारलं.

"हाव."

"मंग लिहा." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "पन सत्त्याऐंशी खेपा काहून लिहा लागते जी? एकदा लिहून खाली 'वरीलप्रमाणे' लिहाना."

"तसा रकाना नाही वं त्याच्यात."

"मंग कायचं सरकारी हाय थे," कुसुमावतीबाई म्हणाल्या आणि लुगडं पुन्हा कपाटात ठेवून आल्या.

मंगळवारी सकाळी जीप निघाली. चंपतरावांच्या मांडीवर टॅब आणि पंचनाम्यांच्या प्रतींचा गठ्ठा होता. खऱ्या जागा त्या गठ्ठ्यात होत्या, कारण चंपतरावांच्या पंचनाम्यात 'रस्त्याच्या कडेला' किंवा 'झाडाजवळ' असली भाषा नसे. 'किलोमीटरच्या दगडापासून दक्षिणेस एकशे अठरा पावले, डांबराच्या आत दोन पावले' असं असे. ठाण्याचा मोजमापाचा टेप एका खटल्यात मुद्देमाल म्हणून जमा झाला होता, आणि खटला अजून चालू होता. पण टेप असता तरी त्यांनी पावलंच मोजली असती. त्यांच्या वडिलांचा हातमाग होता. सकाळी गल्लीत सुताचा ताणा पसरायचा आणि पोरगा चंपत त्याच्या कडेनं चालून लांबी मोजायचा. पाऊल चुकलं की लुगडं आखूड व्हायचं आणि चंपतचा कान लांब. तेव्हा बसलेलं पाऊल पुढे पोलिसी बुटातही बदललं नाही.

तीन दिवस हेच चाललं. जीप दगडापाशी थांबायची. चंपतराव उतरून चालू लागायचे, ओठ हलत राहायचे, मग एका जागी थांबायचे आणि बटण दाबायचे. टॅब विचारायचा, कारण? ते चौथं निवडायचे. टॅब पुन्हा विचारायचा, आपल्याला खात्री आहे का? ते 'होय' दाबायचे. अशी एकशे चौऱ्याहत्तर उत्तरं त्यांना द्यावी लागणार होती.

येणारेजाणारे थांबून बघायचे. "साहेबाचं काही हरवलं का?" एकानं ओमप्रकाशला विचारलं.

"हाव," ओमप्रकाश म्हणाला. "सत्त्याऐंशी हरवले. चौसष्ट सापडले."

हे त्यानं गुरुवारी दुपारी सांगितलं. उरलेले तेवीस पळसोना फाट्यावरचे होते. ती जागा चंपतरावांनी मुद्दामच शेवटी ठेवली होती.

पळसोना फाट्यावर रस्ता एका डोंगुल्याला वळसा घालून एकदम खाली येतो, आणि जिथे खाली येतो तिथेच गावाची वाट त्याला मिळते. वरून येणाऱ्याला खालचा दिसत नाही आणि खालच्याला वरचा. फाट्यावर यमुताईंची चहा-आलूबोंड्यांची टपरी. प्रत्येक अपघाताला पहिली घागर घेऊन धावायच्या त्या यमुताई, आणि पंचनाम्यावर पंच म्हणून अंगठा असायचा तोही त्यांचा. दोन वर्षांपूर्वीच्या एका पंचनाम्यावर मात्र त्या पंच नव्हत्या. तो त्यांच्या नवऱ्याचा, जागेश्वरचा होता. सायकलला दुधाची कॅन लावून रस्ता ओलांडताना वरून ट्रक आला. त्या दिवशी त्यांनी चंपतरावांना एवढंच विचारलं होतं, "लिहिलं ना जमादार, बराबर?" आणि चंपतराव म्हणाले होते, "लिहिलं ताई. सरकारले गेलं."

"काय मोजून राहिले जमादार?" यमुताईंनी टपरीतूनच हाक मारली. "आज त काही झालं नाही. देवाची कृपा."

"जुनंच मोजून राहिलो." चंपतराव टपरीपाशी आले. टोपी काढून हातात घेतली. "यमुताई, एक सांगाचं होतं. जागेश्वरभाऊची नोंद मी गलत जागी केली. इथच्या सगळ्याच. कागदावर बराबर हाय, पन सरकारच्या नकाशावर सगळे आमच्या ठान्यात दिसतात. मी तिथं बाकावर बसून भरत होतो म्हून."

यमुताईंनी झारा कढईच्या काठावर टेकवला.

"म्हंजे माहा मानूस तुमच्या बाकावर मेला, असं सरकारले मालूम हाय?"

"हाव."

"अन् या फाट्यावर?"

"या फाट्यावर कोनीच नाही मेलं."

तेलात आलूबोंडे करपायला लागले. यमुताईंनी खाली वाकून गॅस बंद केला.

"जागेश्वरच्या मागून इथं कितीक गेले?"

चंपतरावांना गठ्ठा पाहावा लागला नाही. "सहा."

ओमप्रकाश जीपच्या बॉनेटकडे वळला आणि त्यात नसलेलं काहीतरी तपासू लागला. यमुताई रागावल्या असत्या, दोन शिव्या दिल्या असत्या, तर चंपतरावांना बरं वाटलं असतं. शिव्या खाण्याचा त्यांना चौतीस वर्षांचा सराव होता. यमुताईंनी पदराला हात पुसले, टपरीतून बाहेर आल्या, आधी वर पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि रस्त्यावर जाऊन एका जागी उभ्या राहिल्या.

"इथं," त्या म्हणाल्या.

चंपतराव दगडापासून निघाले. पंचनाम्यात बत्तीस पावलं होती. एकोणतीस, तीस, एकतीस. बत्तिसावं पाऊल यमुताईंच्या चपलेला लागलं.

"बराबर हाय," यमुताई म्हणाल्या.

वरून एक ट्रक आला. ओमप्रकाशनं वळणावर उभं राहून दोन्ही हात पसरून तो अडवला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडायला लागला, मग रस्त्यात उभे असलेले ते दोघं पाहून गप्प झाला.

चंपतरावांनी बटण दाबलं. टॅबनं कारण विचारलं.

"हे काय विचारून राह्यलं?"

"कोनाची चूक, म्हून."

"मंग लिहा."

त्यांनी लिहिलं. खात्री आहे का, टॅबनं विचारलं. आहे, त्यांनी सांगितलं.

"गेलं?"

"गेलं. आता इथूनच गेलं."

यमुताई मग टपरीत गेल्या नाहीत. उरलेल्या बावीस जागांना त्या चंपतरावांच्या बरोबर चालल्या. काही जागांवर त्यांना नाव माहीत होतं, काही जागांवर नुसता शर्टाचा रंग आठवत होता. अंधार पडेपर्यंत एकवीस झाल्या. शेवटची नोंद शुक्रवारी सकाळी साडेअकराला लागली, कारण पंचनाम्यातल्या एका पावलाबद्दल दोघांचं एकमत होत नव्हतं. यमुताईंचं बरोबर निघालं.

साडेबाराला मॅडमचा फोन आला.

"धकाते, तुमचा बाक शून्यावर आला. पळसोना विभागात पहिला आहे. यादी गेली."

"बरं झालं मॅडम." कशात तरी पहिला नंबर आल्याचं अभिनंदन कसं स्वीकारावं, हे त्यांना या वेळी कळेना.

"अजून एक. तुमच्या जागा आम्ही ॲम्ब्युलन्सच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. सरासरी दोन मीटरचा फरक येतो."

चंपतराव ताठ झाले. "दोन मीटर कोणाचे चुकले मॅडम?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "ॲम्ब्युलन्सचे असावेत. आणि ऐका, तुमच्यावरून आम्ही सगळ्या राज्याचा नकाशा पुन्हा चाळला. असे आणखी बेचाळीस बाक सापडले. एक चहाची टपरी आहे, एक देवळाचा पार आहे आणि एक ठिकाण तर साहेबांच्या घरची गच्ची आहे. सगळ्यांना दुरुस्तीचं पत्र चाललंय. सोबत नमुना म्हणून तुमचे पंचनामे जोडलेत."

त्या संध्याकाळी चंपतराव घरी गेले ते सक्करदऱ्याच्या तलावाला एक फेरी जास्त मारून. काही कारण नव्हतं. पावलं चांगली पडत होती.

पुढे सगळं नियमाप्रमाणे झालं. 'आपण सत्त्याऐंशी चुका केल्याचे आपणच कळविले आहे, तरी आपणास ही माहिती कोठून मिळाली याचा खुलासा करावा,' अशी नोटीस आली. खुलासा गेला. सर्विस बुकात लाल शाईनं शेरा बसला. सन्मानचिन्ह शेजारच्या एका ठाण्यातल्या जमादाराला मिळालं. त्यानं तीन वर्षांत टॅब खोक्यातून बाहेरच काढला नव्हता, त्यामुळे त्याची एकही चूक सापडली नाही.

निरोपसमारंभाला ठाणेदारांनी छापील मानपत्र वाचायला घेतलं. "चौतीस वर्षांची निष्कलंक सेवा..." एवढं झाल्यावर चंपतरावांनी हात वर केला, ठाणेदारांच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि 'निष्कलंक' शब्दावर एक सरळ रेघ मारली. शेजारी बारीक अक्षरात सही आणि तारीख घातली, कारण खाडाखोड सही केल्याशिवाय धरत नाहीत.

"नोंद बराबर असली पाहिजे सर," ते म्हणाले. "आता वाचा."

टाळ्या पहिल्यांदा ओमप्रकाशनं वाजवल्या, आणि सर्वांत शेवटी थांबवल्याही त्यानंच.

वर्षभरानं चंपतराव एसटीनं पळसोन्याला गेले. डोंगुल्याची कड कापून काढली होती. वरून येणाऱ्याला आता खालचं सगळं गाव दिसत होतं. बसथांबा पुढे सरकला होता, ओलांडायच्या जागी पांढरे पट्टे होते, आणि रस्त्याच्या मधोमध उंच कडांचा एक लांबोळका ओटा केला होता, अर्धा रस्ता ओलांडून माणसाला थांबता यावं म्हणून.

"धंदा बसला जमादार," यमुताईंनी चहा ओतता ओतता तक्रार केली. "पहिले काही झालं का दोनशे मानूस जमा व्हायचं. आता आठ महिने झाले, कोनी थांबतच नाही. गाड्या हळू येतात अन् हळूच चालल्या जातात. कोनाले च्या पाजू?"

"मले पाजा."

"तुमचे पैसे कुठं घेतो मी?"

एवढ्यात शाळेची बस थांबली. सातआठ पोरी उतरल्या, पट्ट्यांवरून निम्मा रस्ता ओलांडून ओट्यावर आल्या आणि बाकीच्या पुढे पळाल्या. एक तिथेच थांबली. बुटाची लेस सुटली होती. तिनं दप्तर काढून ओट्यावर ठेवलं, त्याच्या शेजारी नीट बसली, पाय गुडघ्यात वळवून जवळ घेतला आणि लेस बांधायला लागली. गाठ बसली नाही. तिनं ती सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दोन्ही बाजूंनी ट्रक येत होते, पट्ट्यांपाशी हळू होत होते आणि जात होते. हायवेच्या मधोमध बसून ती पोरगी, घरच्या उंबऱ्यावर बसावं तशी, दुसऱ्या बुटाचीही लेस आता सोडून पाहत होती.